धर्माची ओळख आचरणातून

नाताळचा सण आला की चर्चवर दिवे झळकतात. परंतु कोणत्याही धर्माचे रूप जगाला दिसते ते त्याच्या अनुयायांच्या वर्तनातून. ख्रिस्ती धर्माची अशी दोन रूपे आम्हांस गोमंतकाच्या इतिहासात आढळतात.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत तेथील देवळे पाडली गेली. श्रीमंगेशाला कुशस्थळी सोडून प्रियोळास आश्रय घ्यावा लागला. १५६० साली धर्मन्यायालयही आले. ते रूप भयाचे होते, आणि ती जखम गोमंतक अद्याप विसरलेला नाही.

त्याच भूमीत १५७९ साली फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट उतरले. ते मराठी शिकले, आणि त्यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. हेतू धर्मप्रसाराचाच, तथापि वाणी मात्र आमच्या पुराणिकाची! पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी येशूची भक्ती अभंगांतून गायिली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

सत्तेने माणसे वाकविली. मने जिंकली ती ओवी-अभंगांनी.

नारदाच्या गादीवर उभे राहून 'सर्वांभूती भगवद्भाव' सांगताना आम्हांस वाटते, हा आरसा आपल्यालाही लागू आहे. वाचकहो, आपल्या दारी आलेला परधर्मीय मनुष्य आपला देव कोठे पाहील? कळसाकडे तो क्षणभरच पाहील. नंतर आपल्या वागणुकीकडे पाहील.