गळाची काठी आणि तिच्या कण्याविषयीचा गैरसमज

घरच्या घरी गळाची काठी, म्हणजेच फिशिंग रॉड, बांधू पाहणाऱ्या माणसाला पहिला धडा बहुधा एकच दिला जातो: ब्लँकचा कणा, म्हणजे त्याची सर्वांत ताठ मानली जाणारी बाजू, आधी शोधावा आणि सगळ्या कड्या त्या कण्याच्या रेषेत बसवाव्यात, नाहीतर मोठा मासा लागताच काठी हातात पिळली जाईल. हा धडा दुकानदार, जुने हौशी कारागीर आणि काही पुस्तकेही इतक्या ठामपणे देतात की तो तपासून पाहावा असे फारसे कोणाला वाटत नाही. तो चुकीचा आहे. काठी पिळली जाते हे खरे आहे, आणि कणा म्हणून जे ओळखले जाते तेही सर्वस्वी काल्पनिक नाही. परंतु या दोहोंत जो कार्यकारणसंबंध लावला जातो त्याला यंत्रशास्त्रात आधार नाही, आणि त्यापायी नवशिक्यांचा वेळ व पैसा, दोन्ही वाया जातात.

कड्या, मूठ आणि रिळाची बैठक बसवण्यापूर्वीची जी नुसती निमुळती पोकळ नळी असते तिला ब्लँक म्हणतात. कार्बनचे किंवा काचेचे तंतू अर्धवट पक्व रेझिनमध्ये भिजवून त्यांचे जे पातळ कापड तयार होते ते प्रीप्रेग. ते ठरावीक आकारात कापून मँड्रेल नावाच्या निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळले जाते, त्यावर प्लॅस्टिकची फीत ताणून आवळली जाते, भट्टीत रेझिन पक्के केले जाते आणि शेवटी सळई ओढून काढून फीत सोलली जाते. कापडाला सुरुवात आणि शेवट असतोच, त्यामुळे नळीच्या परिघावर कोठेतरी एखादा थर जास्त पडतो. फितीचा ताण सगळीकडे सारखा राहत नाही आणि पोलादी सळईही अगदी सरळ असतेच असे नाही. याचे दोन परिणाम होतात, आणि ते वेगळे ठेवणे फार महत्त्वाचे आहे. पहिला परिणाम असा की नळीची भिंत परिघावर सर्वत्र सारख्या जाडीची नसल्यामुळे ती एका प्रतलात किंचित अधिक ताठ असते. दुसरा असा की नळी भार नसतानाही किंचित वाकलेली असते. हा तिचा नैसर्गिक बाक होय.

कणा शोधण्याची जी रूढ चाचणी आहे ती या दोन गोष्टी एकत्र मिसळून टाकते. ब्लँकचे जाड टोक गुळगुळीत फरशीवर टेकवून बारीक टोक एका तळहातावर सैल धरायचे आणि दुसऱ्या हाताने मध्यभागी दाबून नळी फिरवत राहायचे; फिरता फिरता ती एका ठिकाणी उडी मारून स्थिर होते, आणि त्या जागेवरून पेन्सिलीने कण्याची रेषा आखली जाते. उडी प्रत्यक्ष जाणवत असल्यामुळे पाहणाऱ्याची खात्री पटते. परंतु नळीची भिंत एका बाजूला जाड असली, तरी ठरावीक प्रतलात तिला वर वाकवा की खाली, तिचा प्रतिकार व्यवहारात सारखाच राहतो, कारण वाकण्याला होणारा प्रतिकार प्रतलावर अवलंबून असतो आणि अर्धा फेरा फिरवल्यावर प्रतल तेच असते. अशा नळीला एकमेकींशी काटकोनात असणाऱ्या दोन दिशा असतात, एक सर्वांत ताठ आणि एक सर्वांत मऊ. म्हणजे केवळ भिंतीच्या जाडीमुळे नळी उडी मारत असती, तर ती एका पूर्ण फेऱ्यात दोन ठिकाणी, बरोबर अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर आणि सारख्याच जोराने स्थिर व्हायला हवी होती. प्रत्यक्षात बहुतेक नळ्या एकाच ठिकाणी ठामपणे बसतात, आणि दुसरी जागा सापडलीच तर ती फार क्षीण असते. हे लक्षण नैसर्गिक बाकाचे आहे: आधीच वाकलेली नळी दाबली की ती स्वतःचा बाक दाबाच्या दिशेत आणून थांबते. ज्याला कणा म्हणून रेघ मारली जाते तो बहुतांशी नळीचा बाक असतो. शिवाय दाब मध्यभागी न देता थोडा पुढे किंवा मागे दिला तर रेघही सरकते, हे ज्याने एकच ब्लँक दोनदा तपासला आहे त्याला सहज दिसलेले असते. तरीही त्यावरून निष्कर्ष काढण्याऐवजी पहिलीच रेघ खरी मानण्याची रीत पडली आहे.

आता पिळण्याकडे वळावे. गळाच्या काठ्यांवर रिळे मुख्यतः दोन प्रकारे बसतात. स्पिनिंग रीळ काठीच्या खाली लटकते आणि कड्याही खाली असतात. बेटकास्टिंग रीळ काठीच्या वर बसते आणि कड्याही वर असतात. मासा ओढू लागला की काठी खाली वाकते, आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, प्रत्येक कडीला त्या बाकाच्या आतल्या बाजूकडे खेचतो. कड्या खाली असतील तर त्या आधीच बाकाच्या आत असतात, त्यामुळे खेच त्यांना आहे तेथेच राखते. कड्या वर असतील तर त्या बाकाच्या बाहेर असतात, आणि खेच त्यांना नळीच्या आरपार आत ढकलू पाहते. नळी मधे असल्यामुळे तसे घडू शकत नाही, म्हणून कडी थोडी जरी कलली तरी तीच खेच तिला आणखी कलवत नेते आणि काठी पीळ घेऊन कड्या खाली आणू पाहते. खुंटीला टांगलेली छडी ढकलली तरी पुन्हा खाली येऊन स्थिरावते आणि बोटावर उभी तोललेली छडी जराशी कलली की कोसळते, तसाच हा फरक आहे. कडीचे तोंड नळीपासून जितके उंच आणि तंगुसाचा ताण जितका अधिक, तितका हा पीळ मोठा. भिंतीच्या जाडीतील किरकोळ विषमतेतून येणारे बल त्याच्या तुलनेत नगण्य असते, आणि कण्याची रेघ कोठेही आणली तरी कड्या नळीच्या वर आहेत ही वस्तुस्थिती बदलत नाही.

याची पडताळणी करायला कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही. एका ब्लँकवर कड्या चिकटपट्टीने तात्पुरत्या बसवाव्यात, त्यांतून तंगूस ओवावा, मूठ सैल धरून टोकाला भार द्यावा आणि मग कड्या कण्याच्या रेषेत, तिच्या उलट बाजूला आणि तिच्याशी काटकोनात अशा तिन्ही प्रकारे बसवून पाहाव्यात. कड्या वर असताना काठी तिन्ही वेळा पिळू पाहते, कड्या खाली असताना तिन्ही वेळा शांत राहते. रॉडमेकर या अमेरिकी नियतकालिकाचे संपादक टॉम कर्कमन यांनीही वर्षानुवर्षे हेच मांडले आहे की काठी स्थिर राहणे कड्यांच्या जागेवर ठरते, कण्याच्या जागेवर ठरत नाही. आणि ज्यांना लेखी आधार नको असेल त्यांनी बाजारातील हजारो स्पिनिंग काठ्यांकडे पाहावे: कारखान्यात त्यांपैकी असंख्य काठ्या कणा न शोधताच जोडल्या जातात, तरी त्या पिळत असल्याची तक्रार कोणी करत नाही. अर्ध्या तासात घरी करता येण्यासारखी ही चाचणी न करता वर्षानुवर्षे तोच उपदेश पुढच्या पिढीला देत राहणे, ही कारागिरीची परंपरा म्हणून मिरवण्याची गोष्ट नाही.

बेटकास्टिंग काठीचा पीळ खरोखरच घालवायचा असेल तर उपाय उपलब्ध आहे, आणि तो कड्यांतच आहे. रिळाजवळची पहिली कडी वर ठेवून पुढच्या एक-दोन कड्या क्रमाने बाजूला वळवत न्याव्यात आणि उरलेल्या सर्व कड्या, टोकाच्या कडीसह, खाली बसवाव्यात. या रचनेला सर्पिल बांधणी म्हणतात; इंग्रजी भाषक कारागिरांत तिची रॉबर्ट्स रॅप आणि अॅसिड रॅप ही नावे रूढ आहेत. तंगूस रिळातून वरून निघतो आणि टोकाशी खाली पोहोचतो, त्यामुळे भाराखाली काठी स्वतःहून स्थिर राहते. ती दिसायला विचित्र वाटते हा एकमेव आक्षेप टिकण्यासारखा आहे, आणि तो आवडीनिवडीचा आहे. ब्लँक कोणत्या बाजूने धरून बांधावा, या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर नैसर्गिक बाकात सापडते: नळी टोकाकडून डोळ्यासमोर धरून फिरवावी, जेथे ती डावी-उजवीकडे सरळ दिसते ती बाजू निवडावी आणि उरलेला बाक वरच्या दिशेने ठेवावा, म्हणजे कड्यांच्या वजनाने तो बराचसा उतरतो आणि काठी सरळ दिसते. कण्याच्या हट्टापायी बाक बाजूला ठेवून बांधलेली काठी मात्र कायमची वाकडी दिसते, आणि तिच्या मालकाला ब्लँकच सदोष होता असे वाटत राहते.

दुसरा गैरसमज कार्बनच्या आकड्यांचा आहे, आणि तो बाजाराने हेतुपुरस्सर जोपासलेला आहे. आयएम-६ किंवा आयएम-७ ही चिन्हे काठीवर छापलेली दिसली की ग्राहक त्यांना प्रतवारी समजतो आणि मोठा आकडा म्हणजे मजबूत काठी असे गृहीत धरतो. वास्तविक ही विशिष्ट तंतूंची व्यापारी नावे आहेत. हर्क्युलीस या अमेरिकी कंपनीने ती सुरू केली आणि पुढे ती हेक्सेल कंपनीकडे आली. या दोन तंतूंचा यंग गुणांक, म्हणजे ताणाला प्रतिकार करण्याची त्यांची क्षमता, जवळपास सारखाच, २८० गिगापास्कलच्या आसपास आहे. गुणांक ताठपणा सांगतो, मजबुती सांगत नाही. जपानच्या तोरे कंपनीच्या टी-७०० या तंतूचा गुणांक २३० गिगापास्कल असून तो तुटण्यापूर्वी सुमारे २.१ टक्के ताणला जातो. त्याच कंपनीच्या एम-४०जे या तंतूचा गुणांक ३७७ गिगापास्कल आहे, पण तो सुमारे १.२ टक्के ताणातच तुटतो. अधिक गुणांकाच्या तंतूमुळे तेवढाच ताठपणा कमी थरांत मिळतो आणि काठी हलकी होते, हा त्याचा खरा फायदा. परंतु भिंत पातळ झाल्यामुळे दगडावर आपटणे, शिशाचा गोळा लागणे किंवा पात्याचा ओरखडा उठणे तिला सहन होत नाही. खडकाळ किनाऱ्यावर, कोकणात म्हणतात तसे गरवायला, जाणाऱ्या माणसाने हलकेपणासाठी पैसे मोजण्याआधी हे ध्यानात घ्यावे. काचतंतूंच्या काठ्या, ज्या शेक्सपिअर या अमेरिकी कंपनीने १९४७ मध्ये बाजारात आणल्या, आजही जड ओढीच्या समुद्री मासेमारीत टिकून आहेत त्या याच कारणाने.

कड्या ब्लँकवर दोऱ्याने आवळल्यावर त्या दोऱ्यावर जे पारदर्शक एपॉक्सी लावतात त्याविषयीचा समज तर काम हमखास बिघडवणारा आहे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर थोडा जास्त घालावा असे सांगितले जाते, आणि या सल्ल्याचे मूळ बहुधा फायबरच्या होड्यांच्या दुरुस्तीत आहे. होड्यांना लागणारे पॉलिएस्टर रेझिन उत्प्रेरकाने गोठते, त्यामुळे तेथे उत्प्रेरकाचे प्रमाण मर्यादेत वाढवले की वेग वाढतो. एपॉक्सीचा हार्डनर उत्प्रेरक नसतो. त्याचे रेणू रेझिनच्या रेणूंशी ठरावीक प्रमाणात जोडले जाऊन स्वतःच घन पदार्थाचा भाग होतात. जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही आणि थर कायमचा चिकट राहतो. काठ्यांच्या एपॉक्सीचे दोन्ही भाग बहुधा आकारमानाने समसमान घ्यायचे असतात, आणि ते अंदाजाने न ओतता दोन वेगळ्या सिरिंजनी मोजावेत. पावसाळ्याच्या दमट हवेत एपॉक्सीवर जो पांढुरका, मेणचट थर येतो तोही माल खोटा असल्याचा पुरावा नाही; हार्डनरमधील अमाइन, हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगातून तो तयार होतो, आणि पंख्याखाली काठी फिरवत ठेवण्यापेक्षा खोलीतील दमटपणा कमी करणे हा त्यावरचा उपाय आहे.

बाकीचे समज थोडक्यात आटोपता येतात. कड्या जितक्या कमी तितकी फेक लांब, असे मानून कड्या गाळल्या तर भाराखाली तंगूस नळीचा बाक सोडून सरळ रेषेत धावतो, मधल्या भागात नळीला घासतो आणि ताण थोड्याच जागी एकवटतो. कड्यांची संख्या आणि अंतर काठी वाकवून, तंगूस बाकाला धरून चालतो की नाही हे पाहूनच ठरवावे. दोरा जितका आवळावा तितकी कडी पक्की, हेही खरे नाही, कारण अति ताणाने कडीचा पाय पातळ नळीत रुततो आणि नेमक्या त्याच ठिकाणी ती पुढे मोडते. विणलेला पॉलिथिलीनचा तंगूस अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कड्या कापतो म्हणून सिलिकॉन कार्बाइडच घ्यावे लागते, असे सांगणाऱ्यांनी मोह्झच्या कठिणता श्रेणीकडे पाहावे: तंगुसासोबत येणाऱ्या वाळूतील क्वार्ट्झ ७ वर आहे आणि अॅल्युमिनियम ऑक्साइड ९ वर. बांबू ही कमअस्सल सामग्री आहे, हा समज तर इतिहासालाच धरून नाही, कारण १९व्या शतकात अमेरिकेतील उत्तम काठ्या कलकत्त्याहून गेलेल्या बांबूच्या सहा चिरफळ्या चिकटवून बांधल्या जात. घरी बांधलेली काठी स्वस्त पडते, हे चांगल्या ब्लँकची, कड्यांची आणि मुठीच्या बुचाची किंमत जोडल्यावर बहुधा खोटे ठरते. आणि मोडलेली काठी म्हणजे सदोष ब्लँक असे धरून चालणाऱ्यांनी मासा काठाशी आल्यावर काठी कशी धरली होती हे आधी आठवावे. काठी मागे उभी ओढून तिचा आणि तंगुसाचा कोन काटकोनापेक्षा जास्त होऊ दिला की जाड भागाला काही काम उरत नाही, सगळा भार बारीक टोकावर येतो, आणि कोणत्याही किमतीच्या ब्लँकचे टोक त्या स्थितीत तुटू शकते.