पायरी चढण्यापूर्वी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य आपल्या पिढीने लहानपणापासून ऐकले आहे. म्हणूनच नेरुळचे वा खारघरचे घर मुलाच्या नावे करून दिल्यावर औषधांसाठीही त्याच्यापुढे हात पसरावा लागला, तरी अनेक आईवडील गप्प राहतात. लोक काय म्हणतील ही धास्ती असतेच. तिथे नेमके काय घडते हे ठाऊक नसल्याची धास्तीही तितकीच मोठी असते. ही दुसरी धास्ती माहितीने कमी होऊ शकते.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेल्या कायद्याने दिवाणी दाव्याहून जवळची वाट दिली आहे. स्वतःच्या उत्पन्नातून वा मालमत्तेतून निर्वाह होत नसेल, तर आईवडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वाशी, नेरुळ, बेलापूर हे भाग ठाणे तालुक्यात, तर खारघर, कामोठे पनवेल तालुक्यात येतात. आपण राहतो त्या जिल्ह्यात किंवा मुले राहतात तिथेही अर्ज चालतो. अर्जदाराला स्वतः जाणे शक्य नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते.

अर्ज दाखल झाला की मुलांना नोटीस जाते. प्रकरण आधी समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवले जाऊ शकते. त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, आणि विशेष कारण असल्यास आणखी ३० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. दरम्यान तात्पुरता भत्ताही मागता येतो. कायद्याने मासिक भत्त्याची कमाल मर्यादा १०,००० रुपये ठरवली आहे. निकाल मान्य नसल्यास ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. कायद्याच्या मजकुरात येथे वकिलांना मज्जाव असला, तरी केरळसह काही उच्च न्यायालयांनी तो मान्य केलेला नाही. समोर वकील उभा दिसला, तर गांगरून जाऊ नये.

घराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. मात्र अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये, सांभाळाचे वचन लेखी असलेल्या मध्य प्रदेशातील एका मातेचे बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवले आणि ताबाही परत देवविला. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर त्यात सांभाळाची अट स्पष्ट लिहून घ्यावी. माया तोंडी असली तरी चालते, करार तोंडी असू नये.

सुनावणीच्या दिवसाची तयारी शरीरासाठीही करावी. नेहमीच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. मधुमेहींनी डबा, पाणी आणि साखर जवळ ठेवावी, कारण पुकारा कधी होईल याचा नेम नसतो. चष्मा व श्रवणयंत्र विसरू नये. वयाचा दाखला, घराची कागदपत्रे, बँकेचे पासबुक, औषधांची बिले यांच्या प्रती एका फाईलमध्ये लावाव्यात आणि मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नयेत. ऐकू आले नाही, तर पुन्हा विचारण्यात संकोच नसावा.

सोबत जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे: उत्तर ज्येष्ठांनाच देऊ द्यावे. समोर पोटचा मुलगा उभा असताना आवाज दाटून येतो, त्या रात्री झोप लागत नाही, रक्तदाबही वाढतो. अशा वेळी सल्ल्यापेक्षा शेजारी बसून राहणे अधिक उपयोगी पडते. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि विधी सेवेची १५१०० हे क्रमांक फोनजवळ लिहून ठेवावेत.

अर्ज करणे म्हणजे मुलाशी नाते तोडणे नव्हे. कित्येकदा समेटाच्या टेबलाशी बसल्यावरच, वर्षानुवर्षे न बोललेले दोन शब्द पहिल्यांदा बोलले जातात.