ट्रेलरचे दिवे आणि दुरुस्तीचें दप्तर

न्हावा-शेवा बंदरांतून मालाच्या प्रचंड पेट्या घेऊन निघणारे लांबलचक ट्रेलर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलेच असतील. अशा ट्रेलरास स्वतःचें एंजिन नसतें. पुढचें वाहन त्यास ओढतें, आणि त्याच्या दिव्यांना लागणारी वीजहि त्याच वाहनाकडून एका जाड केबलींतून मागें येते. मागचा दिवा विझला तर बसल्या जागीं चालकास तें बहुधा कळत नाहीं. कळतें तें मागून येणाऱ्यास, आणि तेंहि कित्येकदां उशिरा. अंधारांत ट्रेलर दिसणें किती महत्त्वाचें आहे, हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोजून पाहण्यांत आलें आहे. तेथें १ डिसेंबर १९९३ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रेलरांवर प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या लावणें सक्तीचें झालें. २००१ सालीं सरकारी खात्यानें हिशेब मांडला, तेव्हां अंधारांत बाजूनें किंवा मागून येऊन आदळण्याचे अपघात या पट्ट्यांमुळें २९ टक्क्यांनीं कमी झाल्याचें दिसून आलें.

त्या देशांत एकेका कंपनीच्या पदरीं शेंकडों, क्वचित् हजारों ट्रेलर असतात. इतक्यांवर एका माणसाची नजर पुरणें अशक्य; म्हणून व्यवस्था कागदावर उभी केली आहे. दिवसाचें काम संपल्यावर चालकास दोष आढळला असेल, तर तो त्यानें लेखी कळवावयाचा. गाडी पुन्हां रस्त्यावर नेण्यापूर्वीं दोष दुरुस्त केला, अथवा दुरुस्तीची आवश्यकता नाहीं, असें त्याच कागदावर कंपनीतर्फे सहीनिशीं लिहिलें पाहिजे. आणि पुढील चालकानें तें वाचून स्वतःची सही केली पाहिजे. हा कागद ३ महिने, आणि वार्षिक तपासणीचा अहवाल १४ महिने जपून ठेवावा लागतो. दुरुस्तीच्या नोंदी वर्षभर ठेवावयाच्या, व गाडी कंपनीच्या ताब्यांतून गेल्यावरहि ६ महिने ठेवावयाच्या. १९७० सालापासून तेथील मालवाहतूकदारांच्या संघाची एक अंकपद्धति प्रचारांत आहे. तींत दिव्यांच्या खात्यास ०३४ हा अंक आहे. त्यामुळें कोणत्याहि ट्रेलरच्या दिव्यांचा सारा इतिहास क्षणांत एकत्र काढतां येतो.

तो काढल्यावर वाचावयाचा कसा, हेंच खरें कौशल्य आहे. समजा, एका ट्रेलरच्या खात्यांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळांत चार नोंदी सांपडल्या, आणि चारहि ठिकाणीं "डावा मागचा दिवा बदलला" एवढेंच लिहिलें आहे. तारीख आहे, सही आहे. कायद्याचें समाधान झालें. परंतु हल्लींचे दिवे बहुधा एल. ई. डी. जातीचे असून ते दीर्घकाळ टिकतात. तसला दिवा चार महिन्यांत चार वेळां जावा, हें संभवनीय नाहीं. तेव्हां दोष दिव्यांत नसून दिव्याकडे जाणाऱ्या वाटेंत असला पाहिजे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत अमेरिकेच्या थंड प्रदेशांत रस्त्यांवरील बर्फ वितळावें म्हणून क्षार पसरतात. तें खारें पाणी प्लगांत शिरतें, आणि पितळी भांड्यावर चढतो तसा हिरवट कळंक पितळेच्या खुंट्यांवर व तांब्याच्या तारांवर चढतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानांत ओहमचा नियम शिकलेला आहे. मार्गांत अडथळा वाढला कीं दिव्यापर्यंत पोंचणारा विजेचा दाब कमी पडतो. प्लगाच्या सात खुंट्यांपैकीं पांढऱ्या तारेची खुंटी सर्व दिव्यांची वीज परत नेणारी असते. तीच कळंकली तर एकाच वेळीं अनेक दिवे मंदावतात, आणि वीज भलत्याच दिव्यांतून परतीची वाट शोधूं लागते. आणखी एक गोष्ट फार चमत्कारिक आहे. वीज कोठवर येते हें पाहण्यासाठीं मिस्त्री कधीं कधीं तारेच्या आवरणांतून सुई टोंचतो. त्या सूक्ष्म छिद्रांतून खारें पाणी आंत शिरतें, आणि तार आंतल्या आंत पोखरत जाते. म्हणजे तपासणीनेंच पुढच्या दुरुस्तीचें बीज पेरलें! नवा दिवा लावतांना जोड ओढला व हलविला जातो, त्यामुळें प्रकाश तात्पुरता परत येतो. मिस्त्र्याची नोंदहि प्रामाणिक असते, आणि तरीहि दोष जागच्या जागींच राहतो.

म्हणून जाणता तपासनीस प्रत्येक नोंदींत तीन गोष्टी शोधतो: तक्रार काय होती, कारण काय आढळलें, आणि उपाय काय केला. "डावा मागचा दिवा मंद, प्लगांतील पांढऱ्या तारेची खुंटी कळंकलेली, प्लग बदलला, रक्षक ग्रीस भरलें, सर्व दिवे लावून पाहिले," अशी नोंद असली तर पुढच्या मिस्त्र्यास तेंच काम पुन्हां पहिल्यापासून करावें लागत नाहीं. पैकीं कारणाची जागाच बहुधा रिकामी असते, कारण घाईच्या वेळीं तीच सर्वांत अवघड वाटते.

आमच्या मतें याहूनहि एक बारीक मुद्दा विसरला जातो. ट्रेलर आज एका वाहनास जोडलेला असतो, उद्यां दुसऱ्यास. दोष ओढणाऱ्या वाहनाच्या केबलींत असला, तर दुरुस्ती लिहिली जाते ट्रेलरच्या खात्यावर, आणि दोष निघून जातो दुसऱ्याच ट्रेलरास अंधारांत ठेवावयास. एका ट्रेलरची नोंद कितीहि वाचली तरी हें कळावयाचें नाहीं. निरनिराळ्या ट्रेलरांच्या नोंदी शेजारीं मांडून, त्या त्या दिवशीं पुढें कोणतें वाहन होतें हें पाहावें लागतें. त्या वाहनाचा क्रमांक लिहिलेला नसेल, तर दक्ष तपासनीस तो कागद, सही असली तरी, कारखान्याकडे परत पाठवितो.