बँकेच्या दप्तरात न सापडणारा आकडा

नाशिकरोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. आजची पाचशेची नोट खरी की खोटी, हे कुणालाही ताडता येतं. उजेडाकडे धरली की जलचिन्हातला गांधीजींचा चेहरा दिसतो, तिरकी केली की हिरवा धागा निळा होतो, बोट फिरवलं की उठावाची छपाई हाताला लागते. पण लासलगावला कांदा विकल्यावर शेतकऱ्याच्या खात्यात जमा झालेली रक्कम, किंवा पंचवटीतल्या फुलवाल्याच्या क्यूआर कोडवर आलेले वीस रुपये उजेडाकडे धरता येत नाहीत. मग ते पैसे किती सुरक्षित आहेत, हे मोजायचं कसं?

पहिलं उत्तर सुचतं ते म्हणजे यंत्रं तपासायची. ते बरोबरच आहे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. चोरट्यांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली होती. कार्ड टाकलं की ‘पैसे द्या’ हे उत्तर तीच देत होती आणि बँकेच्या मूळ व्यवस्थेला त्याची खबरच नव्हती. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत रोकड निघाली. बँकेने तेव्हाच सांगितलं, की ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, पैसे बँकेचे गेले. म्हणजे त्या दिवशी एखाद्या खातेदाराला ‘तुमचे पैसे सुरक्षित आहेत का?’ असं विचारलं असतं, तर तो बिनदिक्कत ‘हो’ म्हणाला असता. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली.

दुसऱ्या प्रकारची चोरी याच्या बरोबर उलटी असते. फोन येतो, पलीकडचा माणूस गोड बोलतो, खातेदार स्वतःच्या तोंडाने ओटीपी सांगतो. यंत्राच्या दृष्टीने सगळं यथासांग झालेलं असतं: पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, वेळेत आलेला. दप्तरी हा व्यवहार विजेचं बिल भरल्याइतकाच स्वच्छ दिसतो. तो चोरीचा होता हे कळतं फक्त खातेदार तक्रार करतो तेव्हा. आणि कितीतरी जण तक्रार करतच नाहीत. रक्कम लहान असते, घरात कळेल याची भीती असते, ‘आपणच मूर्ख ठरलो’ याची लाज असते. बँकेच्या तक्रारवहीत सापडतात ती बोललेली माणसं. गप्प बसलेली माणसं कुठल्याच सर्व्हरवर सापडत नाहीत. त्यांना शोधायचं एकच साधन आहे: जाऊन विचारणं. पाहणीशास्त्र ते यासाठी, आणि त्याच्या करामती थक्क करणाऱ्या आहेत.

पहिली करामत माणसांच्या संख्येची. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांच्या घरात होती. त्यातल्या किती जणांना विचारलं म्हणजे अंदाज वरखाली ५ टक्क्यांच्या आत बसेल? १०० पैकी ९५ वेळा खात्री हवी असेल, तर गणित सांगतं ३८४. हेच उत्तर सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रासाठी काढलं तरी ३८४ च! लोकसंख्या ७५ पटींनी वाढली, पण विचारायची माणसं वाढली नाहीत. कारण नेमकेपणा ठरतो तो किती जणांना विचारलं यावरून. मागे उरलेली गर्दी केवढी आहे, याने जवळपास फरक पडत नाही.

अट एकच, आणि ती कडक आहे: प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी मिळायला हवी. व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म फिरवला तर उत्तरं येतील ती मोबाइलवर सराईत बोटं फिरवणाऱ्यांची. सुरगाणा-पेठचा आदिवासी खातेदार, सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार, मुलाकडून मोबाइल चालवून घेणारी आजी त्यातून गळतील. म्हणून जाणकार आधी खातेदारांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. हजारो फॉर्म जमवूनही जे साधत नाही, ते अशा चारशे नावांतून साधतं.

दुसरी करामत प्रश्नाच्या काठांची. तिची गोष्ट आपल्या मातीतली आहे. पूर्वी पीक अजमावायचं ते बांधावर उभं राहून नजरेने. तीच आणेवारी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात त्याऐवजी चिठ्ठीने निवडलेल्या तुकड्यातलं पीक कापून वजन करण्याची शिस्त रुजवली. त्यात त्यांना आढळलं, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न हटकून जास्त दिसतं. का? तुकड्याच्या काठावरची रोपं आत धरायची की बाहेर, अशा वेळी कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. खोटं कुणी बोलत नाही, पण काठ खोटं बोलतो. तुकडा लहान, तितका काठाचा वाटा मोठा.

पैशांच्या पाहणीत हा काठ काळाचा असतो. ‘गेल्या वर्षभरात तुमची ऑनलाइन फसवणूक झाली का?’ असं विचारलं, की माणूस दीड वर्षापूर्वीचा प्रसंगही आत ओढतो, कारण तो मनावर ताजा असतो. आकडा फुगतो. यावरचा उतारा साधा आहे. ‘वर्षभरात’ऐवजी ‘गेल्या दिवाळीपासून’ विचारायचं. दिवाळी सगळ्यांच्या लक्षात असते. काठ पक्का झाला की आत-बाहेरचा घोळ कमी होतो.

तिसरी गोष्ट प्रश्नाच्या पोटातली. ‘यूपीआय सुरक्षित वाटतं’ यावर पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत अशा पाच पायऱ्यांवर खूण करायला सांगतात. ही मोजपट्टी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. पण पाहुण्यासमोर ‘नाही’ म्हणायला आपण कचरतो, म्हणून काही विधानं मुद्दाम उलटी घालतात: ‘मोबाइलवरून पैसे पाठवताना मला धास्ती वाटते.’ दोन्हींना ‘पूर्ण सहमत’ म्हणणारा बहुधा न वाचता खुणा करत सुटलेला असतो. एकाच गोष्टीबद्दलची विधानं एकमेकांशी किती जुळून चालतात, हे १९५१ मध्ये ली क्रॉनबॅक यांनी मांडलेल्या ‘अल्फा’ या अंकाने मोजतात. तो साधारण ०.७ च्या वर असला की प्रश्नावली चालण्याजोगी मानतात.

इथेच एक मोठी फसगत दडलेली आहे. सुरक्षित वाटणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं. म्हणून भावनेच्या प्रश्नांशेजारी ज्ञानाचा एक प्रश्न ठेवावा लागतो: ‘पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागतो का?’ उत्तर आहे, नाही. पिन लागतो तो पैसे देताना. ‘मला अगदी सुरक्षित वाटतं’ असं म्हणणारा याच प्रश्नाला ‘हो’ म्हणाला, तर चोरट्याला हवा असलेला माणूस तोच. या दोन उत्तरांची सांगड घातली, की निव्वळ समाधानाचा आकडा धोक्याचा नकाशा बनतो.

आणि सगळ्यांत अजब करामत लाजेच्या प्रश्नाची. ‘तुम्ही कधी कुणाला ओटीपी सांगितलात का?’ याला तोंडावर ‘हो’ कोण म्हणेल? अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये यावर युक्ती काढली. तिचं पुढे रुळलेलं सोपं रूप असं: समजा, ४०० खातेदार आहेत. प्रत्येकाने पाठ फिरवून नाणं उडवायचं. छापा आला तर डोळे मिटून ‘हो’ म्हणायचं. काटा आला तर खरं सांगायचं. नाणं विचारणाऱ्याला दाखवायचं नाही. आता ‘हो’ म्हणणारा गुन्हेगार नाही, कदाचित त्याचा छापा आला असेल! समजा २५० ‘हो’ मिळाले. छाप्याचे सुमारे २००. उरले ५०, ते काटा आलेल्या २०० मधले. म्हणजे चारांतल्या एकाने ओटीपी सांगितलेला आहे. एकाही माणसाचं गुपित फुटलं नाही आणि सगळ्यांचं मिळून सत्य हाती आलं. मुद्दाम कालवलेला खोटेपणा वजा करून खरं बाहेर काढायची ही रीत फुकट मात्र नाही. याच उदाहरणात, थेट विचारून सगळे खरं बोलले असते तर जेवढा नेमकेपणा मिळाला असता, तेवढा मिळवायला पाचपट माणसं लागतात.

हा खटाटोप कशासाठी? रिझर्व्ह बँकेचा नियम सहकारी बँकांना डिसेंबर २०१७ पासून लागू आहे. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, अशी अनधिकृत उचल बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवली, तर खातेदाराला भुर्दंड नाही. ओटीपी आपणच सांगून बसलो असलो, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्ही बाजूंनी सगळं अडतं ते ‘कळवलं का आणि कधी’ यावर. आणि न कळवणाऱ्यांची संख्या बँकेच्या दप्तरात असूच शकत नाही. कॉसमॉसची चोरी एकाही खातेदाराला विचारून सापडली नसती, आणि गप्प बसलेला खातेदार एकाही सर्व्हरच्या तपासणीत सापडणार नाही. म्हणून उद्या शाखेत कुणी प्रश्नावली आणि नाणं घेऊन समोर आलं, तर टाळू नका. काटा पडला तर खरं सांगा, आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक मोबाइलमध्ये आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्या.