झोंबीला कोणी विचारलं का?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांनी मला फोन केले. म्हणाले, सगळा जन्म शांकरभाष्य आणि कांट शिकवण्यात घालवलात आणि आता झोंबीपटावर बोलणार? तब्येत बरी आहे ना? तब्येत बरी आहे. विषयही वाटतो तितका थिल्लर नाही. तो कसा नाही, हेच आज सांगायचं आहे.

आधी शब्दाचं बघू. आमच्या पिढीला 'झोंबी' म्हटलं की आनंद यादव आठवतात. १९८७ साली त्यांचं ते आत्मकथन आलं आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिथे झोंबी म्हणजे झटापट, कुस्तीतली झोंबाझोंबी. कागलच्या एका गरीब शेतकरी घरातला मुलगा शिकता यावं म्हणून परिस्थितीशी झोंबतो, त्याची ती कथा. आज मी बोलणार आहे ती झोंबी वेगळी: मेलेलं, चालणारं, चावणारं प्रेत. पण यादवांची झोंबी विसरू नका. माणूस म्हणून मोजलं जावं यासाठीची झटापट, हा अर्थ पुढे उपयोगी पडणार आहे.

निमित्त असं, की आमच्या देवनारमधल्या काही महाविद्यालयीन मुलांनी मध्यंतरी चौदा मिनिटांचा एक झोंबीपट केला आणि त्यात मला काम दिलं. म्हणजे झोंबीचंच. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे मी एक पाय जरा ओढत चालतो. मुलं घरी आली आणि म्हणाली, "सर, तुमची चाल आम्हाला हवी आहे. तुम्हाला मेकअपचीही फारशी गरज नाही." मी पोट धरून हसलो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "चाळीस वर्षं शिकवलंत त्याचं हे चीज!" हे वाक्य, "मेकअपची गरज नाही", लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे आणि तेव्हा हसू येणार नाही.

आता झोंबी आला कुठून? अमेरिकेतून, असं मुलांना वाटतं. तो आला कॅरिबियन समुद्रातल्या हैतीतून. हैती ही फ्रेंचांची वसाहत होती आणि उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत होते. १७९१ साली त्यांनी बंड केलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र झाला. गुलामाला एक आशा असायची, की मेल्यावर तरी आपण पूर्वजांच्या भूमीत परत जाऊ. झोंबी म्हणजे ही शेवटची आशाही हिरावलेला माणूस. मांत्रिक त्याला थडग्यातून उठवतो आणि कामाला जुंपतो. मेला तरी सुट्टी नाही! तेव्हा हैतीच्या माणसाला झोंबी आपल्याला चावेल ही भीती नव्हती. आपण झोंबी होऊ, ही भीती होती. १९२९ साली विल्यम सीब्रुक या अमेरिकी लेखकाने हैतीवर पुस्तक लिहिलं, त्यातून हा शब्द अमेरिकेत पसरला आणि १९३२ साली 'व्हाइट झोंबी' हा चित्रपट आला. त्यात साखरेच्या गिरणीत मुकाट राबणारी प्रेतं आहेत. ती कोणाला खात नाहीत. फक्त काम करतात.

या लोकसमजुतीत एक गोष्ट फार सुंदर आहे. झोंबीला मिठाची चव लागली की तो जागा होतो, आपण कोण हे त्याला आठवतं आणि तो मालकाला सोडून निघतो. म्हणून त्याला अळणी जेवण द्यायचं. आता आपल्या मराठीकडे बघा. आपण म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावं. म्हणजे मालकाशी इमान राखावं. तेच मीठ आणि तेच जागणं. पण आपल्याकडे मीठ माणसाला धन्याशी बांधतं आणि हैतीत ते धन्यापासून सोडवतं. वाक्प्रचार कोण घडवतो, मीठ वाढणारा की खाणारा, यावर बरंच अवलंबून असतं.

आजचा मांसभक्षक झोंबी घडवला जॉर्ज रोमेरो या तरुण अमेरिकी दिग्दर्शकाने, १९६८ साली, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये. खर्च सुमारे एक लाख चौदा हजार डॉलर, म्हणजे हॉलिवुडच्या मानाने चणेफुटाणे. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलेलं. गंमत म्हणजे 'झोंबी' हा शब्द त्या चित्रपटात कुणीच उच्चारत नाही. त्याचा नायक बेन हा कृष्णवर्णीय आहे; ड्युएन जोन्स यांनी ते काम केलं. रात्रभर तो प्रेतांशी लढतो, वाचतो. सकाळी बंदूकधारी शोधपथक येतं, खिडकीतली हालचाल बघतं आणि त्याला प्रेत समजून गोळी घालतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. प्रेक्षकांना वेगळं काही सांगायची गरज नव्हती.

माझ्या मते सगळ्या झोंबीपटांचा गाभा या शेवटच्या गोळीत आहे. प्रेतं चालतात हे भयानक आहेच. पण समोरचा जिवंत आहे की मेलेला, हे कोणीतरी लांबून, त्याला न विचारता ठरवतो, हे त्याहून भयानक आहे.

इथे तत्त्वज्ञान येतं. घाबरू नका, थोडक्यात सांगतो. १९९६ साली डेव्हिड चाल्मर्स यांनी एक कल्पना गाजवली. तुमच्यासारखाच एक प्राणी कल्पा. तसंच शरीर, तसाच मेंदू, तसंच बोलणं. सुई टोचली तर "आई गं" म्हणेल. पण आत काहीच नाही. वेदना नाही, अनुभव नाही, दिवाच लागलेला नाही. हा तात्त्विक झोंबी. त्यांचं म्हणणं, असा प्राणी नुसता कल्पनेत जरी शक्य असला, तरी जाणीव म्हणजे केवळ मेंदूची यंत्रणा असं म्हणता येणार नाही. वाद मोठा आहे, त्यात शिरत नाही.

प्रश्न मात्र आपल्याकडे जुना आहे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी 'संतानांतरसिद्धि' नावाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. विषय हाच: दुसऱ्याला मन आहे हे कशावरून? त्यांचं उत्तर साधारण असं, की माझ्या बोलण्या-वागण्याच्या आधी माझ्यात इच्छा असते हे मला ठाऊक आहे. तसंच बोलणं-वागणं मी तुमच्यात पाहतो. म्हणून तुमच्यातही मन आहे असं अनुमान करतो. झोंबी बरोबर या अनुमानावरच घाव घालतो. वागणं सगळं सारखं, आणि आत शून्य. मग आता काय करायचं?

मला वाटतं, व्यवहारात आपण अनुमान करत बसतच नाही. आपण विचारतो. "बरं वाटतंय का?" "चहा घेणार?" ज्याला विचारलं, तो त्या क्षणी आपल्यासाठी कोणीतरी झाला. मराठीत विचार आणि विचारणं एकाच मुळातून आले आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. आणि आपल्या परंपरेतलं चालतं-बोलतं प्रेत बघा. वेताळ! तो प्रेतात राहतो, विक्रम राजाच्या खांद्यावर बसतो आणि करतो काय? प्रश्न विचारतो. एकामागून एक गोष्टी सांगून न्यायाचे प्रश्न. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, ही वर धमकी. कोकणात तर वेताळ देव झाला. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या राखणीसाठी हिंडतो, म्हणून भक्त त्याला चपला वाहतात. आपला रात्रीचा चालणारा असा आहे. त्याला चपला लागतात, त्याला नवस बोलतात, तो बोलतो. झोंबी बोलत नाही, आणि त्याच्याशीही कोणी बोलत नाही.

आता देवनारला येऊ. मुलं बारा, फोन दोन, आणि जागा एका सोसायटीचं तळघरातलं पार्किंग. सेक्रेटरींनी रात्री दहापर्यंतच परवानगी दिलेली. जखमा म्हणजे टिश्यू पेपर आणि मैद्याची खळ. रक्त म्हणजे साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. पाकामुळे दुसऱ्या रात्री झोंब्यांना मुंग्या लागल्या. हाड मोडल्याचा आवाज म्हणजे माइकजवळ मोडलेली काकडी. आठच जण शर्ट बदलून बदलून तीस झोंबी झाले. हे सगळं मजेत चाललं होतं.

अडलं एका दृश्यावर. देवनार म्हटलं की बाकीच्या मुंबईला दोन गोष्टी आठवतात, कत्तलखाना आणि डम्पिंग ग्राउंड. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४पासून इथे आहे, पण ती तिसरी. हे डम्पिंग १९२७ सालापासूनचं. २०१६च्या जानेवारीअखेर तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला होता. ज्या एम पूर्व विभागात ते येतं, तो मुंबईच्या २००९च्या मानव विकास अहवालात सगळ्यांत खाली होता. तर आमच्या दिग्दर्शक पोराने एका उंच इमारतीच्या गच्चीवरून संध्याकाळी झूम लावून डम्पिंगचं चित्रण केलं. धुरकट उजेड, वर घारी, आणि पाठीवर गोण्या घेऊन कचऱ्याच्या डोंगरावरून वाकून, सावकाश चालणारी माणसं. खरं सांगतो, दृश्य विलक्षण होतं. लॅपटॉपवर ते बघताना एक जण म्हणाला, "बघा, यांना तर मेकअपचीही गरज नाही."

सगळे हसले. बैंगनवाडीत राहणारी एक मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "त्यातले एक काका आमच्या गल्लीतून जातात. प्लास्टिक नुसतं चुरगाळून ते कुठल्या जातीचं आहे ते सांगतात."

मग वाद पेटला. दिग्दर्शकाची बाजू लेचीपेची नव्हती. तो म्हणाला, कोणाचा चेहरा ओळखू येत नाही, कोणाचं नुकसान होत नाही; उलट शहर या माणसांना मेल्यासारखंच वागवतं, हे या दृश्यातून लोकांना टोचेल. 'झोंबिवली'नेही तेच केलं ना? आदित्य सरपोतदार यांचा तो मराठी चित्रपट २०२२ साली आला. त्यात डोंबिवलीतले टॉवर आणि शेजारची वस्ती यांचा पाण्यावरून संघर्ष आहे. पण फरक बघा. तिथे वस्तीतल्या माणसांना नावं आहेत, ती भांडतात, आपली बाजू मांडतात. आमच्या दृश्यात ती फक्त चालतात. चेहरा दिसत नाही हे दिग्दर्शकाला समर्थन वाटत होतं. मला तीच अडचण वाटते. क्रौर्य दाखवायचं म्हणून तेच क्रौर्य पुन्हा केलं, तर कॅमेरा त्या शोधपथकाच्या बंदुकीच्या जागी जातो.

आणि मघाचं वाक्य आठवा. तेच शब्द मला उद्देशून आले तेव्हा विनोद होता. इथे का नाही? वयामुळे नाही, शिक्षणामुळेही नाही. मला विचारलं होतं. मी नाही म्हणू शकत होतो, उलट टोमणा मारू शकत होतो, पार्किंगमध्ये बसून त्यांच्याबरोबर वडापाव खात होतो.

शेवटी दोघं जण विचारायला गेले. एका भंगाराच्या दुकानापाशी काही माणसं भेटली. बहुतेकांनी हात झटकले. आगीनंतर कॅमेरेवाले पुष्कळ येऊन गेलेले. एका वयस्कर माणसाने मात्र सगळी गोष्ट नीट ऐकली आणि विचारलं, "पिक्चरमध्ये आम्ही मारणार की मरणार?"

पोरांकडे उत्तर नव्हतं. वेताळाने झाडावरून विचारावा तसा प्रश्न! मुलांनी ते दृश्य वापरलं नाही. चित्रपटातलं सगळ्यांत देखणं दृश्य गेलं आणि त्याची उणीव पडद्यावर जाणवते. ही किंमत आहे आणि ती खरी आहे.

विद्यार्थ्यांच्या झोंबीपटाचं जगातलं मोठं उदाहरण जपानचं आहे. 'वन कट ऑफ द डेड', २०१७. शिनइचिरो उएदा यांनी टोकियोतल्या एका अभिनय-चित्रपट शाळेच्या कार्यशाळेतून, नवख्या नटांना घेऊन, सुमारे तीस लाख येनमध्ये तो केला. त्याने तीन अब्ज येनहून जास्त कमावले. पहिली सदतीस मिनिटं न तोडता घेतलेला एकच शॉट आहे आणि तो जरा बावळटच वाटतो. नंतर आपल्याला त्या शॉटच्या मागची माणसं दिसतात. कोण पिऊन पडलंय, कोणाचं पोट बिघडलंय, आणि वरून घ्यायच्या शेवटच्या शॉटसाठी क्रेन नाही म्हणून सगळे मिळून माणसांचा मनोरा करतात, आपल्या दहीहंडीसारखा. पडद्यावरचा झोंबी माणसाचं आतलं सगळं काढून घेतो. झोंबीपट करणं मात्र ते परत देतं. मुंग्या लागलेल्या झोंबीला पाणी आणून द्यावं लागतं. त्याला विचारावं लागतं, दमलास का?

व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, मग असे चित्रपट मुलांनी करूच नयेत का? जरूर करावेत. माहितीपट करणाऱ्याला संमतीचं भान शिकवतात, भयपट करणाऱ्याला ते कोणी शिकवत नाही. गरज त्यालाच जास्त आहे, कारण माणसाचं प्रेत करण्याचं सामर्थ्य त्याच्या हातात आहे. आमची मुलं आता दुसरी पटकथा लिहीत आहेत. त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलेलं नाही, म्हणून तिसऱ्या पानावर अडली आहेत. मी त्यांना म्हटलं, अडलात हे ठीक आहे. उत्तर तुम्ही एकट्याने शोधू नका. पुन्हा त्या दुकानापाशी जा आणि त्यांनाच विचारा.