संडासात पाणी उतरत नाही? आधी अडलंय कुठं ते शोधू या



बचत, कर्ज, परतफेड यावर आपण दर बैठकीत बोलतो. संडास तुंबला तर मात्र कुणी बोलत नाही, कारण लाज वाटते. पण त्रास सगळ्यात जास्त बायकांनाच होतो. संडास बंद पडला की घरातले पुरुष शेताकडं जातात. सासूबाई आणि पोरी अंधार पडायची वाट बघतात, दिवसभर पाणीही कमी पितात. त्यातूनच लघवीची जळजळ आणि बद्धकोष्ठतेचा त्रास मागं लागतो. म्हणून हा विषय आपल्या बैठकीचाच आहे.

बहुतेक घरांत पहिलं वाक्य असतं, "खड्डा भरला." मग कुणी गाडी बोलावतं, कुणी गवंड्याला बोलावून फरशी फोडतं. पुष्कळदा खड्डा भरलेलाच नसतो, मधेच काहीतरी अडकलेलं असतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी तपासा.

पाण्याची वाट समजून घ्या

गावाकडं बऱ्याच घरी दोन खड्ड्यांचा संडास आहे. भांड्याखाली वाकडी नळी असते, तिला ट्रॅप म्हणतात. तिच्यात थोडं पाणी कायम साचलेलं असतं, म्हणून खड्ड्याचा वास वर येत नाही. तिथून मैला पाइपातून छोट्या चेंबरमध्ये जातो. चेंबरला पुढं दोन वाटा असतात, दोन खड्ड्यांच्या. एका वेळी एकच वाट उघडी आणि दुसरी विटेनं बंद ठेवायची. म्हणजे पाणी अडायच्या जागा चारच: ट्रॅप, पाइप, चेंबर, खड्डा.

तपासणी अशी करा

१. भांड्यात अर्धी बादली पाणी एकदम ओता. पाणी वर चढून हळूहळू उतरलं किंवा बुडबुड आवाज आला, तर पुढं अडथळा आहे.

२. हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून चेंबरचं झाकण उघडा. भांडं भरलेलं पण चेंबर कोरडं असेल, तर अडथळा ट्रॅपमध्ये किंवा भांडं ते चेंबर या पाइपात आहे.

३. चेंबरही तुडुंब असेल, तर अडथळा चेंबरच्या तोंडाशी किंवा पुढच्या पाइपात आहे, नाहीतर खड्डाच भरला आहे.

४. दोन्ही वाटा उघड्या आहेत का, हे चेंबरमध्येच बघून घ्या. बांधताना वीट लावायची राहिली असेल तर दोन्ही खड्डे एकदम भरत जातात आणि पुढं बदलायला रिकामा खड्डाच उरत नाही. ही चूक बऱ्याच घरांत सापडते.

५. शेवटी खड्डा. झाकण दोघांनी मिळून बाजूला सरकवा आणि लांब उभं राहून टॉर्चनं बघा. काडी, कंदील, विडी जवळ नको, कारण आतला वायू पेट घेतो. पोरांना लांब ठेवा. मैला पाइपाच्या तोंडापर्यंत आला असेल तर खड्डा भरला. बराच खाली असेल तर पाइपच अडलाय.

कुठं अडलं, त्यावर उपाय

ट्रॅप अडला असेल तर रबरी पंपानं दाब द्या. पंप नसेल तर बांबूच्या लवचिक कामटीला चिंधी घट्ट बांधून मागं-पुढं करा. लोखंडी सळई घालू नका, भांडं फुटतं. उकळतं पाणीही ओतू नका, चिनी मातीचं भांडं तडकतं. पाइप अडला असेल तर हीच कामटी चेंबरकडून घाला.

खड्डा भरला असेल तर पहिली वाट विटेनं बंद करा, दुसरी उघडा. भरलेला खड्डा किमान दीड-दोन वर्षं तसाच झाकून ठेवा. तेवढ्या काळात आतल्या मैल्याचं खत होतं. ते भुसभुशीत आणि बिनवासाचं झालं की काढून शेतात वापरता येतं.

पावसाळ्यातच पाणी उतरत नसेल तर गोष्ट वेगळी. जमिनीतलं पाणी वर आलं की खड्ड्यातलं पाणी मुरायला जागा नसते. काळ्या मातीत तर ते एरवीही हळूच मुरतं. खड्ड्याभोवती मातीचा उंचवटा करा आणि पन्हाळीचं पाणी दुसरीकडं वळवा. न्हाणीचं पाणी त्या खड्ड्यात सोडलं असेल तर ते आधी तोडा.

काय टाकायचं नाही

पॅड, कापड, डायपर, केस, गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिक. यातल्या पॅडबद्दल मोकळेपणानं बोलू या. पॅड पाणी शोषून फुगतं आणि ट्रॅपमध्ये बसतं. पोरी ते संडासात टाकतात कारण घरात दुसरी जागाच नसते. अशा वेळी पोरीला रागवू नका. संडासात एक झाकणाचा डबा ठेवा, शेजारी जुने कागद ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा.

ॲसिडही नको. खड्ड्यातले जे जिवाणू मैला कुजवतात, ते त्यानं मरतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद संडासात जीव गुदमरतो.

मोरी तुंबली तर

मोरीत तेल-तूप पाइपात थिजतं, त्यावर भात, चहाची पत्ती, राख आणि नारळाची किशी चिकटते. आधी जाळीवरचा गाळ हातानं काढा. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून ओता, अर्ध्या तासानं भरपूर पाणी सोडा. न्हाणीत बहुतेक वेळा केसच निघतात. मोरी आणि न्हाणी एकदमच तुंबली तर अडथळा बाहेरच्या पाइपात किंवा शोषखड्ड्यात आहे. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारं बंद केली. असे खड्डे रोजगार हमीतूनही झाले आहेत. आपल्या ग्रामपंचायतीत विचारा.

एक गोष्ट कधीच नाही

खड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत कुणी उतरायचं नाही. घरातल्यानं नाही आणि पैसे देऊन बोलावलेल्यानंही नाही. आतल्या वायूनं माणूस ओरडायच्या आत पडतो, वाचवायला उतरलेलाही पडतो. "हे काम अमक्या वस्तीतल्या लोकांचं" ही जुनी सवय आपणच मोडायची. हातानं मैला उचलायला लावणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावीच लागते. त्यासाठी मैला उपसायची गाडीच बोलवा.

ताईंनो, पुढच्या बैठकीआधी एक काम करा. आपापल्या चेंबरचं झाकण उघडून एक वाट बंद आहे का ते बघा, आणि बैठकीत सांगा. गटानं मिळून एक रबरी पंप, एक कामटी आणि हातमोज्यांचा एक जोड घेतला तर दहा घरांचं काम भागतं. तो कुणाकडं ठेवायचा हे ठरावाच्या वहीत लिहून ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक