नकाशा छापून आला, आता पट्टी लावा

दाखले, अर्ज छापणारे लहान यंत्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याला प्रिंटर म्हणतात. पण शेताचा नकाशा किंवा घराचा आराखडा मोठा असतो. तो लहान प्रिंटरवर मावत नाही. त्यासाठी रुंद प्रिंटर लागतो. तालुक्याच्या गावी त्याला पुष्कळजण प्लॉटर म्हणतात.

यात सुटे कागद नसतात. कागदाची मोठी गुंडाळी असते. तिला रोल म्हणतात. नेहमीचा मोठा रोल 36 इंच रुंद असतो. शाईचे डोके कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते आणि एक पट्टा छापते. मग कागद थोडा पुढे सरकतो. मग दुसरा पट्टा. असा पट्ट्याला पट्टा जोडून नकाशा तयार होतो.

कागद बिघडून बाहेर आला, की लोक यंत्राला नावे ठेवतात. पण पुष्कळदा दोष कागदात असतो, नाहीतर तो लावण्यात असतो. साप साप म्हणून भुई धोपटू नये. आधी कारण शोधावे. आपल्यापैकी कुणी अशा दुकानात कामाला असेल, कुणी नकाशा काढायला जाईल. दोघांनीही हे जाणून घ्यावे.

कागद तिरका जातो, अडकतो

नांगराचे पहिले तास वाकडे गेले, की पुढची सगळी वाकडी जातात. कागदाचेही तसेच आहे. सुरुवातीला बोटभर तिरका लागला, की पुढे तो कडेला घासतो, चुरगळतो आणि अडकतो.

अडकला तर ओढाताण करू नका. यंत्र थांबवा. झाकण उघडा. कागद कापून हळूच काढा. आत एकही तुकडा राहू देऊ नका. मग रोल हातांनी घट्ट गुंडाळा. त्याच्या दोन्ही कडा सारख्या हव्यात. कागदाचे फाटके टोक सरळ कापा. यंत्रावर खुणेची रेघ असते. त्या रेघेला कड लावूनच कागद आत द्या.

कागदाला लाटा येतात, शाई फासते

पावसाळ्यात पापड सादळतो, तसा कागदही सादळतो. हवेतले पाणी पिऊन तो फुगतो. त्याला लाटा येतात. मग शाईचे डोके त्या लाटांना घासते आणि नकाशा काळा होतो. म्हणून उरलेला रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावा. जमिनीवर किंवा ओल्या भिंतीशी ठेवू नये.

आणखी एक कारण आहे. कागद पातळ, आणि यंत्राला सांगितले जाड. मग यंत्र जास्त शाई सोडते. पातळ कागद भिजून वाकतो. कागद बदलला, की यंत्रातले कागदाचे नावही बदलले पाहिजे.

कागद वळतो

रोल संपत आला, की आतला कागद फार वळलेला असतो. छापून बाहेर आला तरी तो पुन्हा गुंडाळतो आणि कधी यंत्राच्या तोंडाशीच अडतो. खालची झोळी भरू देऊ नका. नकाशा आला, की उचला. शाई सुकल्याशिवाय घडी घालू नका.

मधेच पांढऱ्या रेघा येतात

पाभरीची एक नळी तुंबली, की त्या ओळीत बी पडत नाही. शाईच्या डोक्याला अशीच बारीक बारीक भोके असतात. शाई वाळून ती बुजतात. यंत्रात डोके साफ करण्याची सोय असते. ती वापरावी. पण सारखी वापरू नये. प्रत्येक वेळी शाई खर्च होते. फडक्याने डोके पुसू नये.

सर्वांत मोठी चूक डोळ्याला दिसत नाही

नकाशा सरळ आला, स्वच्छ आला. तरी तो चुकीचा असू शकतो! कसा, ते बघा.

समजा, नकाशावर लिहिले आहे 1:1000. म्हणजे नकाशावरचा 1 सेंटिमीटर जमिनीवर 10 मीटर. एक चौकोनी शेत 100 मीटर लांब, 100 मीटर रुंद आहे. नकाशावर त्याची बाजू 10 सेंटिमीटर हवी. पण छापताना 'कागदात बसवा' हे बटण दाबले, आणि नकाशा थोडा आकसला. बाजू आली साडेनऊ सेंटिमीटर. मोजणारा म्हणेल, 95 मीटर. 95 गुणिले 95 म्हणजे 9,025 चौरस मीटर. खरे शेत 10,000 चौरस मीटरचे. 975 चौरस मीटर कमी दिसले. म्हणजे साडेनऊ गुंठ्यांहून जास्त! जमीन तेवढीच आहे. पण अशा कागदावरून भावाभावांत भांडण लागायला वेळ लागत नाही.

म्हणून दुकानदाराला सांगा, "शंभर टक्के मापाने छापा." नकाशावर मापाची पट्टी काढलेली असते. तिच्यावर आपली पट्टी लावून पाहा. नकाशाची एखादी माहीत असलेली लांबी उभी आणि आडवी, दोन्हीकडून मोजा. कागद नीट सरकला नाही, तर एकाच बाजूचे माप चुकते. मोजायला लोखंडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी घ्या. कापडी टेप ताणला जातो.

आणि एवढे ध्यानात ठेवा. दुकानात छापलेली प्रत समजून घेण्यापुरती. हद्दीचा वाद असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि तिथली सही-शिक्क्याची प्रत घ्यावी.

कागद हातात घ्या. सरळ आहे का पाहा. सुकला आहे का पाहा. पट्टी लावा. मगच पैसे द्या.